पार्श्वभूमी : मारुतीच्या कमरेला पाणी, म्हणजे किती?

गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की नाशिककर क्युसेकच्या आकड्यापाशी थांबत नाही. मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं, हे विचारतो. गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती काही हवामानबदलावरचं शिल्प नाही. त्याला पूर मोजायचं काम लोकांनी दिलं. घोटे, गुडघे, कंबर, छाती, गळा. २००८ आणि २०१९ मध्ये तो डोक्यासकट पाण्याखाली गेला होता.

पॅरिसमध्ये सीन नदीवरच्या अल्मा पुलाशी १८५६ पासून एक दगडी सैनिक उभा आहे. १९१० च्या पुरात पाणी त्याच्या खांद्यांपर्यंत चढलं, तेव्हापासून तोच तिथली मोजपट्टी. पण १९७० ते ७४ दरम्यान पूल नव्याने बांधला आणि त्यात पुतळ्याची जागा बदलली, तो आधीपेक्षा उंचावर बसला. म्हणजे आजची त्याची कंबर ही १९१० ची कंबर नव्हे. तरी बातम्यांत १९१० चा आणि आजचा पूर शेजारी शेजारी ठेवले जातात.

खरा गुंता हाच आहे, आणि तो आपल्याकडेही आहे. घाट बांधले, पात्रात काँक्रीट ओतलं, काठ आत सरकले. मूर्ती जागची हलली नाही, पण तिच्याभोवतीची नदी बदलली. अरुंद पात्रात तेवढंच पाणी जास्त चढतं. मग ‘कमरेपर्यंत’ हा पावसाचा पुरावा की आपल्या बांधकामाचा? २००८ नंतर नदीकाठच्या बांधकामावर बंधनं घालणाऱ्या निळ्या-लाल पूररेषांवरून जो वाद पेटला, तोही शेवटी याच प्रश्नाशी येतो. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. मालकीच्या प्लॉटवरून रेषा गेली की माणूस चिडणारच. पण रेषा मागे सारल्याने पाणी मागे सरत नाही.

भरतीच्या पाण्यात मुद्दाम उभी केलेली शिल्पं अलीकडची. इंग्लंडच्या क्रॉस्बी किनाऱ्यावर २००५ मध्ये उभे केलेले १०० लोखंडी पुरुष भरतीत बुडतात. ते तिथे ठेवावेत की नाही यावर बराच वाद होऊन २००७ मध्ये कायम ठेवायचं ठरलं. लंडनच्या थेम्समध्ये २०१५ मध्ये चार घोडेस्वार उभे राहिले. घोड्यांच्या मानेवर डोक्याऐवजी तेलविहिरीचा पंप. तिथे हवामानबदलाचा इशारा आधी ठरला, मूर्ती नंतर घडली.

आपल्याकडे उलटं झालं. मूर्ती आधी, इशारा नंतर. पूर ओसरला की मारुतीच्या अंगाला गाळ असतो, चिंध्या आणि प्लास्टिक अडकलेलं असतं. ते धुऊन काढताना पाण्याची खूणही पुसली जाते. ती पुसण्याआधी शेजारच्या दगडावर वर्ष आणि पातळी कोरायला हवी.