नक्षी आधी चौकोनात, मग मागावर

सोलापुरी चादरीवरचा मोर अगदी जवळून पाहा. त्याच्या मानेची गोलाई खरी गोल नसते, पायऱ्यापायऱ्यांची असते. पूर्वी ही नक्षी ग्राफ पेपरवर एकेक चौकोन रंगवून काढत, त्याची ती खूण. उभी ओळ ताण्याच्या, म्हणजे मागावर ताणून बसवलेल्या धाग्याची; आडवी बाण्याची, म्हणजे त्यातून आडव्या जाणाऱ्या धाग्याची. चौकोन रंगवला असेल तर ताणा वर उचलायचा, कोरा असेल तर खाली ठेवायचा. मग ग्राफ वाचत पुठ्ठ्याच्या कार्डांना भोके पाडायची, बाण्याच्या एका धाग्याला एक कार्ड. नक्षी 400 धाग्यांची असेल तर 400 कार्डांची माळ. त्यात एक भोक चुकले की तो दोष प्रत्येक चादरीवर, नेमका त्याच जागी.

ही युक्ती फ्रान्समधल्या ल्यों शहरची. जोझेफ मारी जकारने 1804 च्या सुमारास आधीच्या कारागिरांचे प्रयोग जुळवून कार्डावरच्या भोकांप्रमाणे ताणा उचलणारे हे यंत्र उभे केले; त्याच्याच नावावरून ते ‘जेकार्ड’. सोलापुरात पहिली कापड गिरणी, म्हणजे आपली जुनी मिल, 1877 ची. चादरीचे नाव मात्र झाले ते पूर्व भागातल्या पद्मशाली विणकरांच्या मागांवर.

इंजिनिअरचे ड्रॉइंग याहून वेगळे. टी-स्क्वेअर, गुण्या, कंपास, पुढे मिनी ड्राफ्टर. ट्रेसिंग पेपरवर शाईची रेघ चुकली की ब्लेडने हलक्या हाताने खरवडायची. प्रतींसाठी जॉन हर्शेलने 1842 मध्ये शोधलेली निळी छपाई कामी आली. ती मागे पडून अमोनियाचा उग्र वास मारणाऱ्या प्रिंट आल्या, तरी ‘ब्लू प्रिंट’ हे नाव काही गेले नाही. पण हा कागद कितीही नेटका असला तरी तो वाचायला फिटर किंवा गवंडी लागे. विणकराचा ग्राफ कार्डावर उतरला की थेट यंत्रच वाचत असे. माझ्या मते संगणकाशी जवळचे नाते ड्रॉइंग बोर्डापेक्षा या पुठ्ठ्याचे आहे. इंग्लिश गणितज्ञ चार्ल्स बॅबेजने आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी हीच कार्डे घेतली होती.

1963 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रसंस्थेत इव्हान सदरलँडने ‘स्केचपॅड’ ही संगणकावर चित्र काढायची प्रणाली दाखवली. प्रकाशलेखणीने पडद्यावर रेघ ओढायची. मूळ आकृती बदलली की तिच्या सगळ्या नकला आपोआप बदलत. त्याच दशकात आयबीएमच्या जॅनिस लोरी यांनी कापडाच्या नक्षीसाठी अशी प्रणाली केली. 1968 च्या सॅन अँटोनिओतील प्रदर्शनात पडद्यावर काढलेली नक्षी मागावर विणून दाखवली गेली. घरगुती संगणकावर चालणारे ऑटोकॅड हे ड्रॉइंगचे सॉफ्टवेअर आले ते थेट 1982 च्या डिसेंबरात.

पुढच्याच वर्षी मिलानच्या यंत्रप्रदर्शनात बोनास कंपनीने इलेक्ट्रॉनिक जेकार्ड मांडले. त्याला कार्डे लागतच नाहीत. पण ते महाग. त्यामुळे जुन्या जेकार्डावर मधली सोय चालते: नक्षी संगणकावर काढायची आणि शेवटी भोके पुठ्ठ्यालाच पाडायची.