जे. वॉल्टर थॉम्पसनचं जुनं दप्तर पाहायचंय? अर्ज भरण्याआधी एवढं वाचा

जे. वॉल्टर थॉम्पसन या जाहिरात कंपनीनं मुंबईत ऑफिस उघडलं ते 1929 मध्ये, जनरल मोटर्सच्या कामासाठी. त्या काळावर काम करणाऱ्याला कधी ना कधी अमेरिकेतल्या डरहॅमचा पत्ता शोधावाच लागतो. कंपनीचं जुनं दप्तर 1987 पासून तिथल्या ड्यूक विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे आणि ते तिथलं हार्टमन सेंटर, म्हणजे जाहिरातींच्या इतिहासाचं केंद्र, सांभाळतं. तिथे जाऊन हे कागद वाचण्यासाठी सेंटर प्रवास अनुदान देतं, अर्ज भरायचा तो त्यासाठी.

कागद वाचायला कोणीही जाऊ शकतं. पीएचडी, प्रवेश, गाईडची सही, काही लागत नाही. ऑनलाइन नोंदणी आणि फोटो असलेलं ओळखपत्र पुरतं. आपल्यासाठी ते म्हणजे पासपोर्ट, म्हणून नोंदणीतही पासपोर्टवरचंच नाव लिहा. प्रवास अनुदानासाठी मात्र अर्जदार डरहॅमपासून 100 मैलांच्या बाहेर राहणारा हवा आणि ड्यूकचा विद्यार्थी किंवा कर्मचारी नसावा. भारतातून अर्ज करणाऱ्याला ही अट अडवत नाही.

अडतं ते प्रकल्पाच्या परिच्छेदात. माझ्याकडे तपासायला येणाऱ्या दर दुसऱ्या अर्जात ‘भारतीय जाहिरातींच्या इतिहासाचा अभ्यास’ असं लिहिलेलं असतं आणि खाली पानभर सिद्धांत. अहो, निवडणाऱ्यांना एवढंच कळायला हवं की तुम्हाला त्यांचेच कागद का हवेत. हे दप्तर एकसंध नाही. बैठकांची इतिवृत्तं (1927 ते 1938), ग्राहकांच्या फायली, कंपनीची वार्तापत्रं, कर्मचाऱ्यांची चरित्रं अशा अनेक संग्रहांत ते विभागलेलं आहे आणि प्रत्येकाची सूची वेगळी. सूची उघडा आणि अर्जात संग्रहाचं नाव, खोका क्रमांक, साल लिहा. अडलं तर अर्जाआधीच तिथल्या ग्रंथपालांना ईमेल करा.

आणखी एक चूक वारंवार दिसते. ‘अ‍ॅड अ‍ॅक्सेस’ या त्यांच्या डिजिटल संग्रहात 1911 ते 1955 मधल्या 7,000 हून अधिक जाहिराती आहेत. लोक त्या थॉम्पसनच्याच समजून अर्जात उदाहरणं देतात. कंपनीनं त्या प्रतिस्पर्ध्यांवर नजर ठेवण्यासाठी जमवल्या होत्या. जाहिरात कोणी केली याची खात्री असल्याशिवाय तिचा आधार घेऊ नका.

मुदतीची तारीख वाचताना सावध राहा. अमेरिकेत आधी महिना, मग दिवस लिहितात. 02/03 म्हणजे 3 फेब्रुवारी. अनुदान मंजूर झालं तरी आधी खर्च आपल्या खिशातून होतो आणि मग तो परत मिळतो, म्हणून बोर्डिंग पाससुद्धा जपून ठेवा.

आता तो कागद, जो कोणाकडेच नसतो: छापण्याची परवानगी. वाचनकक्षात फ्लॅश न वापरता फोटो काढता येतात, पण म्हणून ते पुस्तकात छापता येत नाहीत. कागद ग्रंथालयाचा असला तरी हक्क दुसऱ्या कोणाचा असू शकतो. तो शोधायला जावं, तर 2018 मध्ये कंपनी वंडरमन या दुसऱ्या जाहिरात कंपनीत विलीन झालेली, 2023 मध्ये पुढच्या विलीनीकरणाची घोषणा होऊन नाव झालं व्हीएमएल. पत्र लिहायचं कोणाला? त्यात जाहिरातीचा हक्क ग्राहक कंपनीकडेही असू शकतो. प्रकाशक परवानगीचं पत्र शेवटच्या आठवड्यात मागतो. त्यामुळे फोटो काढतानाच संग्रह, खोका, फोल्डर आणि ग्राहकाचं नाव वहीत टिपून ठेवा. पेन्सिलीनं, कारण तिथे पेन चालत नाही.

बरेच खोके बाहेरच्या गोदामात असतात. ते आधी मागवा, आल्याचा निरोप मिळू द्या, मगच विमानाचं तिकीट काढा.