डोळ्यांपुढे अंधारी आणि एकाचे दोन

"वरची दाढ काढू नको, नजर जाते." सांगलीत दाढ काढायला निघालेल्या माणसाला हे ऐकवणारं कुणीतरी भेटतंच. दाढेचं मूळ डोळ्याला जोडलेलं नसतं. दिसण्याची नस वेगळी, दाढेची वेगळी. पण दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत नजरेला काहीतरी झालं म्हणणारे खोटं बोलत नाहीत. फक्त ते दोन निरनिराळ्या कारणांनी होतं, आणि आपण दोन्हीला चक्कर म्हणून मोकळे होतो.

खरी चक्कर आमच्या मावशीला आली. संकष्टीचा उपास, त्यात विश्रामबागपर्यंत उन्हातून गेलेली. सुई दिसताच घाम, मळमळ, मग दोन्ही डोळ्यांपुढे अंधारी. भीतीने नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो, मेंदूला रक्त कमी पडतं. खुर्ची आडवी करून पाय वर घेतले, आणि पाचेक मिनिटांत मावशी बिलात सूट मागत होती. (नुसती जागेवरची भूल असेल तर उपाशी जायचं कारणच नसतं.)

दुसरा प्रकार विरळा. यात माणूस पूर्ण शुद्धीवर असतो, पण इंजेक्शननंतर थोड्याच वेळात बहुधा त्याच बाजूच्या डोळ्याचं काहीतरी बिनसतं: एकाचे दोन दिसतात, पापणी लोंबते, बाहुली मोठी होते, क्वचित दिसेनासंच होतं. वरच्या शेवटच्या दाढेमागे दिलेलं लिग्नोकेन, म्हणजे भुलीचं औषध, हाडांमधल्या फटीतून डोळ्याच्या खोबणीत झिरपतं आणि डोळा कानाकडे वळवणारा स्नायू सुन्न पडतो. खालच्या दाढेच्या वेळी सुई रक्तवाहिनीत शिरली, तर औषध उलटं वर चढून डोळ्याच्या रक्तवाहिनीपर्यंत जाऊ शकतं. औषध सोडण्याआधी डॉक्टर सिरिंजचा दट्ट्या किंचित मागे ओढतात, तो रक्त येतंय का हे बघायलाच.

ओळखायची सोपी खूण: एक डोळा झाका. दोनाचं एक झालं, तर दोन डोळ्यांची जुळणी बिघडलीय. चक्करेत कुठलाही झाका, अंधारच.

भूल उतरेल तशी नजर बहुतेकदा काही मिनिटांत, फार तर काही तासांत ताळ्यावर येते. तोवर मिरज रोडला गाडी घालू नका, मागे बसून घरी जा. मात्र एका डोळ्याने एकदम दिसेनासं झालं, भूल उतरूनही दोन दिसत राहिले किंवा जीभ अडखळू लागली, तर लगेच मोठं हॉस्पिटल गाठा. पुढच्या दिवसांत ताप येऊन डोळा सुजला, पुढे आला, तरीही तेच.