माटोळी, स्पर्धा आणि ‘सर्जनशीलता’ : पार्श्वभूमी

गोव्यात गणेशचतुर्थीला मूर्तीच्या वर रानातली फळे-फुले बांधून टांगतात ती चौकट म्हणजे माटोळी. फळाबियांतून देखावा उभा करणारी माटोळी सर्जनशील, की नेहमीच्या चौकटीला रानातले जिन्नस मुकाट बांधणारी? माटोळीच्या स्पर्धा सुरू झाल्यापासून गोव्यात हा प्रश्न घोळतो आहे. त्याची गाठ माटोळीत कमी आणि ‘सर्जनशीलता’ या शब्दात जास्त आहे.

शब्द तसा अलीकडचा. ‘सृजन’ बरोबर की ‘सर्जन’, यावरच अजून खल चालतो (व्याकरण ‘सर्जन’च्या बाजूने आहे). त्याआधी मराठीचे काम ‘प्रतिभा’वर भागत होते. नवनवे उन्मेष फुलवणारी प्रज्ञा ती प्रतिभा, ही संस्कृत व्याख्या पिढ्यान् पिढ्या पाठ केली गेली आणि त्यातून प्रतिभा म्हणजे जन्मजात देणे, हा समज घट्ट झाला. अकराव्या शतकातल्या एका काश्मिरी ग्रंथकाराने मात्र काव्य कशातून निपजते हे सांगताना तीन गोष्टी मोजल्या: अंगची शक्ती, लोकव्यवहार, शास्त्रे आणि आधीची काव्ये पाहून आलेली निपुणता, आणि जाणत्याच्या हाताखाली केलेला अभ्यास. तिन्ही सांगून त्याने ‘हेतु’ (म्हणजे कारण) हा शब्द एकवचनीच ठेवला. म्हणजे ही तीन कारणे नव्हेत, तिन्ही मिळून एकच कारण. जुन्या टीकाकारांनी या एकवचनावर बोट ठेवले होते. आपण ते विसरलो.

विसाव्या शतकात पश्चिमेकडून दुसरी मांडणी आली. 1926 साली विचाराच्या चार पायऱ्या मांडल्या गेल्या: तयारी, मुरवण, अचानक उलगडा आणि पडताळणी. 1950 मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञांसमोरच्या एका अध्यक्षीय भाषणाने या विषयाच्या संशोधनाला जोर आला. विटेचे किती उपयोग सुचतात, अशा चाचण्या रूढ झाल्या. त्यांत संख्या आणि वेगळेपणा मोजतात, त्यामुळे वेगळेपणा म्हणजेच सर्जनशीलता असे समीकरण शाळांपर्यंत झिरपले. गटाने बसून कल्पना काढण्याची टूम याच काळातली. 1958 च्या एका प्रयोगात चौघांच्या गटापेक्षा एकेकट्या चौघांच्या कल्पना एकत्र केल्यावर जास्त भरल्या, तरी टूम टिकली. घरी करायचे तर आधी दहा मिनिटे प्रत्येकाने एकट्याने लिहावे, मगच बोलावे. पहिल्या काही कल्पना बहुतेकांच्या सारख्याच येतात. तिथे थांबले की खेळ फुकट.

आता माटोळी. लाकडी किंवा बांबूची आयताकृती चौकट, तिला आडव्या-उभ्या पट्ट्या, आणि ती गणपतीच्या डोक्यावर आढ्याला टांगायची. आंब्याचे टाळे, नारळाची पेंड (घोस), सुपारीचा घड, तोरिंग हे मोठे लिंबूवर्गी फळ, चिबूड, कांगलां ही रानवेलीची फळे, घागऱ्यो या रानटी शेंगा. चौकट ठरलेली, बरेचसे जिन्नस ठरलेले. मग कल्पकता कुठे? ती तोल साधण्यात असते. पाच असोल्या (न सोललेल्या) नारळांची पेंड सहा-सात किलो भरते. ती एका कडेला बांधली तर चौकट कलते. म्हणून जड वस्तू टांगणीच्या दोराजवळ समोरासमोर घेतात, हलक्या मध्ये. केवणी या रानझाडाच्या सालीचा दोर ओला असताना आवळतात. पूर्ण सुकलेला दोर वाकवताना मोडतो, गाठ बसत नाही. दीड दिवसाच्या गणपतीला पिकले केळे चालते. अकरा दिवसांना तेच लावले तर चौथ्या-पाचव्या दिवशी मूर्तीवर गळते, तिथे हिरवा घडच हवा. फूल कुठल्या दिवशी सुकेल, शेंग कधी तडकेल, हे ज्याला ठाऊक त्यालाच बदल सुचतो. काश्मिरी ग्रंथकाराची निपुणता ती हीच.

स्पर्धांनी लोकांना पुन्हा रानाकडे वळवले, हे मान्य. पण देखाव्याला भाव आला तसे जिन्नसांच्या ओळखीपेक्षा प्रकारांची संख्या वाढवण्याकडे कल गेला. दुर्मीळ वेल मुळासकट उपटून आणण्याची तक्रार त्यातूनच आली. दुसरीकडे फोंडा-म्हापशाच्या माटोळी बाजारात सामान आयते मिळते. सोय चांगली, पण ती घेणाऱ्या मुलाला कांगलांचा वेल कुठल्या झाडावर चढतो हे कळत नाही.

यावर एक साधी तोड आहे. मुलाला बाजारात नेण्याआधी कुळागरात (नारळी-पोफळीच्या बागेत) किंवा डोंगराच्या उतारावर न्यावे, पाच जिन्नस त्यानेच ओळखून एकेक डहाळी कापावी, मूळ शाबूत ठेवून. चौकटीचा एक कोपरा त्याला द्यावा. गाठ सुटली तर आपण बांधू नये. ती का सुटली, हे त्यालाच दोर हातात घेऊन पाहू द्यावे.