एका खिडकीत नारळ, दुसरीत इंग्रजी अक्षरं

गुहागरच्या बाजारपेठेतल्या एखाद्या झेरॉक्सच्या दुकानात लिनक्सवर (विंडोजसारखीच संगणक चालवणारी प्रणाली) चालणारा संगणक आहे असं धरा. बागायतदाराचं बिल टंकायला कीबोर्डची मांडणी इंग्रजीवरून मराठी इनस्क्रिप्टवर नेली. एका खिडकीत ‘नारळ’ नीट उमटला. शेजारी आधीपासून उघड्या असलेल्या एका जुन्या प्रोग्रॅममध्ये मात्र त्याच बटणांनी व्ही, ई, जे आणि मोठा एन आले. कीबोर्ड बिघडलेला नाही.

कीबोर्डला मुळात अक्षर ठाऊकच नसतं. कुठलं बटण दाबलं, एवढंच तो सांगतो. पडद्यावरच्या खिडक्या आणि कीबोर्ड-माउस सांभाळणाऱ्या, १९८४ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत जन्मलेल्या एक्स विंडो प्रणालीत बटणांचे क्रमांक ८ ते २५५ या टप्प्यात असतात. आजच्या लिनक्सवर एनच्या बटणाचा क्रमांक सहसा ५७. या ५७ चा अर्थ ‘एन’ घ्यायचा, ‘ल’ घ्यायचा की शिफ्टसह ‘ळ’, हे एक्स सर्व्हर या तिच्या मुख्य प्रोग्रॅमकडच्या तक्त्यात लिहिलेलं असतं.

दर बटणाला सर्व्हरला विचारत बसलं तर टंकन रखडेल. म्हणून एक्सलिब ही लायब्ररी (प्रोग्रॅम वापरतात तो तयार कोड) तक्त्याची एक प्रत प्रोग्रॅमपाशीच ठेवते. गोची इथेच होते. आगारात एसटीचं वेळापत्रक बदललं, तरी गावातल्या टपरीवर जुनाच कागद चिकटलेला, तसं.

सर्व्हर गप्प बसत नाही. तक्ता बदलला की तो सगळ्या प्रोग्रॅमना ‘मॅपिंगनोटिफाय’ हा निरोप धाडतो. कितव्या क्रमांकापासून किती बटणं बदलली तेही त्यात असतं. हा निरोप कुणाला नाकारता येत नाही. पण तो आला म्हणून प्रत आपोआप बदलत नाही! प्रोग्रॅमने ‘एक्सरिफ्रेशकीबोर्डमॅपिंग’ हे फंक्शन बोलवायचं, मग एक्सलिब जुनी प्रत टाकून नवी घेते. काम एका ओळीचं. पण फक्त इंग्रजीत टंकणाऱ्या प्रोग्रॅमरला ती ओळ गाळल्याचं जन्मभर कळणार नाही. (डावखुऱ्यासाठी माउसची बटणं बदलली तरी हाच निरोप येतो, तेव्हा मात्र प्रत बदलायची गरज नसते.)

दुकानदाराला तो प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडता येईल. नव्याने सुरू होताना तो ताजा तक्ताच वाचतो. त्याहून बरं म्हणजे इंग्रजी आणि मराठी दोन्ही मांडण्या सेटिंगमध्ये एकदमच भरून ठेवाव्यात. मग भाषा बदलताना तक्ता जागचा हलत नाही. त्यातला कुठला गट, म्हणजे कुठली मांडणी, चालू आहे, हे दाबलेल्या प्रत्येक बटणाच्या निरोपातच येतं.