मेस्त्रीच्या हाताखालून मेकरस्पेसपर्यंत

मेकरस्पेस, म्हणजे हत्यारं-यंत्रं हाताळून स्वतः काही बनवून बघायची जागा. हा शब्द कोल्हापुरात नवा, धंदा जुनाच. १९१८ साली बाबूराव पेंटरांनी सहकारी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून सिनेमाचा कॅमेरा इथंच जुळवला. बाबूराव आणि चुलतभाऊ आनंदराव हे मुळात नाटकांचे पडदे रंगवणारे. आनंदराव १९१६ मध्ये गेले, तरी बाबूरावांनी खटाटोप सोडला नाही. त्यांचं आडनावच मेस्त्री, हे इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

पुढं ओतकामाच्या फौंड्र्या आल्या, ऑइल इंजिनं आली, शिवाजी उद्यमनगर ही कारखान्यांची वसाहत गजबजली. पोरं शिकायची ती मेस्त्रीच्या हाताखाली. आधी लेथखालचा कीस झाडायचा, मग हत्यारं पुसायची, आणि कधीतरी जॉबला, म्हणजे घडवायच्या भागाला, हात लागायचा. या शिक्षणाचं कौतुक करताना एक गोष्ट आपण सोयीनं विसरतो. आत शिरायला ओळख लागायची, मुलींचा तर विचारच नसायचा, आणि जॉब बिघडला की मालकाचं नुकसान. त्यामुळं ‘असं करून बघू का?’ हा प्रश्न पोराच्या ओठातच राहायचा.

हातानं शिकणं शाळेत आणायची धडपडही जुनी आहे. १९३७ मध्ये वर्ध्यात गांधीजींनी नई तालीम, म्हणजे हातकामातून शिक्षण, मांडली. १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबागांनी पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम काढला. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातून निघालेली फॅब लॅबची, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी वस्तू बनवायच्या कार्यशाळेची, कल्पना २००२ मध्ये तिथंच पोचली. एमआयटीबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या लॅबमध्ये पाबळचं नाव येतं. २०१६ पासून नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे शाळेतल्या करून बघायच्या प्रयोगशाळा, आल्या. निवडलेल्या शाळेला सहावी ते बारावीच्या मुलांसाठी वीस लाखांपर्यंत अनुदान, त्यातले दहा लाख साहित्याला, उरलेले दहा लाख पाच वर्षांच्या खर्चाला. थ्रीडी प्रिंटर, सेन्सर, आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारं छोटं सर्किट बोर्ड) हे सगळं त्यातून येतं. काही ठिकाणी मोडेल म्हणून ते कपाटात कुलपात राहतं, ते सोडा.

लॅब उघडी असली की काय होतं ते बघा. आठवीतली मुलगी आठ मिलिमीटरच्या शाफ्टसाठी चाक प्रिंट करते. भोक आठचंच ठेवलेलं, पण शाफ्ट काही आत जात नाही. ती कॅलिपर (बारीक माप घ्यायचं साधन) लावते: सात पूर्णांक आठ. पुढच्या खेपेला भोक थोडं वाढवते, तर चाक डगडगतं. तिसऱ्यांदा बसतं. वाया गेलं ते चिमूटभर प्लॅस्टिक. ओरडायला कुणी नाही.

गंमत म्हणजे हेच गणित फौंड्रीत रोज चालतं. ओतलेलं बीड (ओतीव लोखंड) थंड होताना शेकडा एकच्या आसपास आकसतं, म्हणून पॅटर्न, म्हणजे साचा पाडायचा नमुना, तेवढा मोठा करतात. उद्यमनगरातल्या म्हाताऱ्या पॅटर्नमेकरला हे तोंडपाठ असतं. एखाद्या शनिवारी त्याला लॅबमध्ये बोलवावं, हे मात्र माझ्या पाहण्यातल्या शाळांना अजून सुचलेलं नाही.