पार्श्वभूमी : पंचवीस आठवड्यांवरून आठ आठवड्यांवर

गेल्या वर्षी ठाण्यातल्या एका मल्टिप्लेक्समध्ये एका मोठ्या हिंदी पिक्चरला बसलो होतो. दिवे मालवले, सुरुवातीच्या पाट्या सुरू झाल्या आणि त्यांत एका ओटीटी कंपनीचं चिन्ह येऊन गेलं. शेजारच्या बाई मुलीच्या कानाशी लागून म्हणाल्या, "बघ, यांच्याकडे येणार आहे. आजीला घरीच दाखवू." पहिला प्रसंगही अजून सुरू व्हायचा होता.

त्या दोघी निदान तिकीट काढून आल्या होत्या. न आलेल्यांचा प्रश्न वेगळा आहे. पूर्वी पिक्चर बघून आलेल्याला लोक विचारायचे, "कसा आहे?" आता त्याच्या जोडीला दुसरा प्रश्न ठरलेला असतो, "घरी कधी येणार?" आणि त्याचं उत्तर बहुतेकांना ठाऊक असतं. दोन महिन्यांनी, कधी महिन्याभरातच.

आपली भाषा हा फरक नीट टिपते. थिएटरात पिक्चर 'लागतो' आणि 'उतरतो'. ओटीटीवर तो 'येतो', आणि आला की बहुधा तिथेच राहतो. लागणं आणि उतरणं यांमधला काळ किती असावा, याचीच ही सगळी ओढाताण आहे, आणि ती ओटीटीच्या पुष्कळ आधीपासून चालू आहे.

पंचवीस आठवडे म्हणजे रौप्यमहोत्सव, हे माप आपल्या आईवडिलांच्या पिढीला पाठ होतं. दादा कोंडके यांचे ओळीने नऊ चित्रपट रौप्यमहोत्सवी झाले आणि त्याची नोंद गिनेस बुकात झाली. त्या काळी ठाण्यात स्टेशनजवळ अशोक आणि प्रभात, नौपाड्यात मल्हार, पाचपाखाडीत आराधना, कोपरीत आनंद, शिवाय वंदना, अशी टॉकीजची नावं हेच पत्ते असायचे. वंदना टॉकीज गेलं, पण एसटी स्टँडला लोक अजून 'वंदना'च म्हणतात. तेव्हा पिक्चर एकदम गावभर लागत नसे. फिल्मच्या प्रिंट महाग आणि मोजक्या. कित्येक ठिकाणी एकाच प्रिंटवर दोन टॉकीज चालवत आणि रिळांचे डबे सायकलवरून इकडून तिकडे पळवत. मुंबईत लागलेला पिक्चर लहान गावात पोचायला महिने जायचे. या संथपणामुळे एक गोष्ट आपोआप व्हायची : बघून आलेला माणूस दुसऱ्याला सांगायचा, दुसरा तिसऱ्याला, आणि तिसऱ्याने ठरवेपर्यंत पिक्चर तिथेच लागलेला असायचा.

पहिला धक्का ऐंशीच्या दशकात व्हिडिओने दिला. टीव्ही आणि व्हीसीआर एका रात्रीसाठी भाड्याने आणायचा, तीन कॅसेट आणायच्या आणि पहाटेपर्यंत चाळीतल्या सगळ्यांनी दाटीवाटीने बसून बघायचं. ज्यांनी हे केलं आहे त्यांना तो कॅसेटचा खरखरता आवाज आणि पडद्यावर खालून वर सरकणारी रेघ आठवत असेल. मग केबलवाले आले. नवा पिक्चर शुक्रवारी लागायचा आणि काही दिवसांत चोरून गल्लीतल्या केबलवर दिसायचा. थिएटरं ओस पडली, कुटुंबं घरी बसली.

त्यावर सगळ्यांत ठाम उत्तर १९९४ मध्ये राजश्री प्रॉडक्शन्सने दिलं. 'हम आपके हैं कौन..!' काढताना त्यांनी व्हिडिओचे हक्क रोखून ठेवले आणि सुरुवातीला पिक्चर मोजक्याच थिएटरांत लावला. बघायचा असेल तर टॉकीजमध्येच या. लोक आले, आजी-नातवंडांसकट आले. थिएटरात लागलेला पिक्चर ओटीटीवर यायला आज जे 'आठ आठवडे' थांबवतात, त्यांचं मूळ माझ्या मते तिथे सापडतं. घरी बघायची वाट अडवून धरली तर लोक बाहेर पडतात, हे या धंद्याला तेव्हा कळलं.

पण पुढच्या दहा-पंधरा वर्षांत जे झालं, त्याकडे आज फार कमी लोक बघतात, आणि ओटीटीवर सगळं खापर फोडण्याआधी ते बघायला हवं. पिक्चरचं आयुष्य ओटीटी येण्यापूर्वीच आखडलं होतं.

२००१ मध्ये महाराष्ट्र सरकारने मल्टिप्लेक्सना करमणूक करात काही वर्षांची सूट दिली. मॉल आणि मल्टिप्लेक्स जोडीने उभे राहिले. ठाण्यात तीन हात नाक्याशी इटर्निटी, घोडबंदर रोडला वंडर, मग कोरम, आणि २०१३ मध्ये विवियाना, ज्यात एका छपराखाली चौदा पडदे होते. वाशीत रघुलीला आणि इनऑर्बिट. दुसरीकडे २००५ च्या सुमारास पिक्चर उपग्रहावरून थेट थिएटरात पोचू लागला. प्रिंट काढायचा खर्च संपला आणि एकाच शुक्रवारी हजारो पडद्यांवर लावणं शक्य झालं. रौप्यमहोत्सवाची जागा 'ओपनिंग वीकेंड'ने घेतली.

मग २००९. निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले यांचं हिश्शावरून बिनसलं आणि एप्रिल-मेमध्ये जवळपास दोन महिने मोठे हिंदी पिक्चर मल्टिप्लेक्समध्ये लागलेच नाहीत. तडजोड झाली ती अशी : पहिल्या आठवड्यात निव्वळ उत्पन्नाचा ५० टक्के हिस्सा निर्माता-वितरकाकडे, दुसऱ्या आठवड्यात ४२.५, तिसऱ्या आठवड्यात ३७.५ आणि पुढे ३० टक्के. हे आकडे नीट वाचले की पुढची सगळी कथा कळते. आठवडा जसा सरकेल तसा निर्मात्याचा वाटा कमी होतो. मग त्याने पहिल्या तीन दिवसांसाठीच सगळी ताकद का लावू नये? आणि चौथ्या-पाचव्या आठवड्याची त्याला फार काळजी का असावी? त्या आठवड्यांचे पैसे दुसरं कुणी एकरकमी द्यायला तयार असेल, तर तो घेणारच.

आधी ते पैसे टीव्ही वाहिन्यांनी दिले. २००७ मध्ये मोझर बेअर या कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढल्या, तेव्हा काही काळ तोही एक मार्ग होता. २०१६ मध्ये चित्र खरं बदललं. जानेवारीत नेटफ्लिक्स आलं, सप्टेंबरमध्ये जिओचा स्वस्त डेटा आला, डिसेंबरमध्ये प्राइम व्हिडिओ. लोकलच्या गर्दीत एका हाताने दांडा धरून दुसऱ्या हातातल्या मोबाईलवर पिक्चर बघणारी माणसं दिसू लागली ती त्यानंतर. तरी थिएटर आणि ओटीटी यांमध्ये आठ आठवड्यांचं अंतर ठेवायची रीत हिंदीत पाळली जात होती.

१३ मार्च २०२० च्या मध्यरात्रीपासून मुंबई, ठाणे, नवी मुंबई, पुणे इथली चित्रपटगृहं बंद झाली. इरफान खान यांचा 'अंग्रेजी मीडियम' नेमका त्याच शुक्रवारी लागला होता. ६ एप्रिलला तो हॉटस्टारवर आला. १२ जूनला 'गुलाबो सिताबो' थिएटरला वळसा घालून थेट प्राइमवर गेला, आणि एका मल्टिप्लेक्स साखळीने जाहीर नाराजी व्यक्त केली. आपल्याकडे नोव्हेंबर २०२० मध्ये निम्म्या खुर्च्यांवर थिएटरं उघडली, दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि २२ ऑक्टोबर २०२१ ला परत उघडली. म्हणजे दीड वर्षाहून जास्त काळातला बहुतेक काळ पडदा काळा.

तेवढ्या काळात सवय बदलते. शनिवार संध्याकाळी राम मारुती रोडवर फेरी, काहीतरी खाणं आणि मग पिक्चर, हा घराघरांतला क्रम मोडला. घरात मोठा टीव्ही आला. डिसेंबर २०२१ मध्ये नेटफ्लिक्सने मोबाईलचा महिन्याचा दर १९९ वरून १४९ केला. चौघांनी मल्टिप्लेक्सला जायचं तर तिकिटं, पॉपकॉर्न आणि पार्किंग धरून दीड-दोन हजार सहज जातात. हा हिशेब घरातली बाई पिक्चर ठरवण्याआधी करते, आणि तो चुकीचा नाही.

अमेरिकेतही याच काळात कुंपण मोडलं. तिथे सुमारे ९० दिवसांचं अंतर असे. जुलै २०२० मध्ये युनिव्हर्सल ही पिक्चर कंपनी आणि एएमसी ही थिएटर साखळी यांनी ते १७ दिवसांवर आणायचा करार केला. २०२१ मध्ये तर वॉर्नरने आपले पिक्चर थिएटर आणि एचबीओ मॅक्स या ओटीटीवर एकाच दिवशी आणले.

आपल्याकडे करोनात चार आठवड्यांवर आलेलं अंतर हिंदीसाठी ऑगस्ट २०२२ पासून पुन्हा आठ आठवडे झालं. दक्षिणेत मात्र चार आठवडे सर्रास राहिले, आणि ठिणगी तिथेच पडली. ऑक्टोबर २०२३ मध्ये 'लिओ' या तमिळ पिक्चरची हिंदी आवृत्ती देशभरच्या मोठ्या मल्टिप्लेक्स साखळ्यांनी लावली नाही, कारण ओटीटीचा करार चार आठवड्यांचा होता. 'पुष्पा २'च्या निर्मात्यांनी तर ५६ दिवसांच्या आत पिक्चर कुठल्याही ओटीटीवर येणार नाही, असं पिक्चर चालू असतानाच जाहीर करून टाकलं. ५ डिसेंबर २०२४ ला लागलेला पिक्चर ३० जानेवारीला नेटफ्लिक्सवर आला. मोजून बघा, बरोबर छप्पन्न दिवसांनी.

२०२५ च्या मे महिन्यात भांडण मुंबई उच्च न्यायालयात पोचलं. 'भूल चूक माफ' ९ मेला लागायचा होता. सीमेवरच्या तणावाचं कारण देऊन निर्मात्यांनी आदल्या दिवशी तो थेट प्राइमवर आणायचं जाहीर केलं. ॲडव्हान्स बुकिंग सुरू झालेलं होतं. पीव्हीआर आयनॉक्स ही मल्टिप्लेक्स साखळी कोर्टात गेली, कोर्टाने ओटीटीवरच्या प्रदर्शनाला स्थगिती दिली आणि मग समेट झाला : २३ मेला थिएटरात, ६ जूनला ओटीटीवर. आठ आठवड्यांच्या जागी दोन. त्याच उन्हाळ्यात आमिर खान यांनी उलटा रस्ता धरला. 'सितारे ज़मीन पर' २० जूनला लागला आणि सहा आठवड्यांनी, १ ऑगस्टला, तो यूट्यूबवर १०० रुपयांत बघता येऊ लागला. वर्गणी नाही, एका पिक्चरचे पैसे द्या आणि बघा.

हे सगळं कराराने चालतं, हे लक्षात घ्यायला हवं. फ्रान्समध्ये कुठला पिक्चर किती महिन्यांनी कुठे दाखवायचा याची बांधणी नियमांतच आहे. २०२२ पासून नेटफ्लिक्सला तिथे १५ महिने थांबावं लागतं, आधी ३६ महिने होते. आपल्याकडे असा कायदा नाही. ज्याची बाजू जड, त्याचं अंतर.

महाकाय पिक्चरांना याचा फारसा फटका बसत नाही. ते बघायला लोक पहिल्याच आठवड्यात जातात, आठ दिवस आधी बुकिंग करून जातात. मार बसतो तो मधल्या पिक्चरांना, ज्यांच्याबद्दल लोक म्हणतात, "चांगला आहे म्हणतात, पण घरी बघू." आणि घरी बघणं हे एकमेव कारण नाही, हेही सांगायला हवं. 'तुंबाड' २०१८ मध्ये थिएटरात बेताचाच चालला. नंतर तो कितीतरी वर्षं ओटीटीवर होता. तरी सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लागला तेव्हा त्याने पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई केली. काळोख आणि पाऊस मोठ्या पडद्यावर बघायला लोक परत गेले. मधल्या सहा वर्षांत एकाने दुसऱ्याला सांगितलं होतं.

मला काळजी वाटते ती मराठी पिक्चरची. त्याच्याकडे पहिल्या तीन दिवसांत हजारो पडदे भरण्याइतका पैसा नसतो. २०१५ मध्ये सरकारला मल्टिप्लेक्समध्ये दुपारी बारा ते रात्री नऊ या वेळेत मराठी खेळ लावायला सांगावं लागलं, यावरूनच त्याची अवस्था कळते. ३० जून २०२३ ला 'बाईपण भारी देवा' लागला, तेव्हा पहिल्या आठवड्यात बायकांचे घोळके जाऊन आले आणि त्यांनी घरोघरी सांगितलं. मग भिशी मंडळं, सोसायटीतल्या बायका, ऑफिसातल्या मैत्रिणी नऊवारी आणि गॉगल घालून निघाल्या. आमच्या सोसायटीतून दोन रिक्षा भरून बायका गेल्या, त्यांतल्या एक काकू कित्येक वर्षांत थिएटरात गेलेल्या नव्हत्या. त्यांचं जायचं ठरलं तेव्हा पिक्चरचा तिसरा आठवडा संपत आला होता.